पहिल्या नोकरीचे कागद: नेमणूकपत्रातील शब्द कसे वाचावेत

पहिल्या नोकरीचे पत्र येते तेव्हा घरातील सर्वांची नजर एका आकड्यावर जाते. पत्रात वार्षिक ३,६०,००० रुपये लिहिलेले असतात, कोणीतरी त्याला बाराने भागते आणि महिना तीस हजार असा हिशेब पक्का होतो. पहिल्या महिन्याअखेर खात्यात २३,००० रुपये जमा होतात तेव्हा आपल्याला फसवले गेले असे त्या मुलाला किंवा मुलीला वाटते. पुष्कळदा कोणी फसवलेले नसते. पत्रातील शब्दांचा अर्थ सही करण्यापूर्वी कोणी समजावून सांगितलेला नसतो, एवढेच. पुढील मजकूर महाराष्ट्रात खाजगी क्षेत्रात पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे. जाहिरात वाचण्यापासून नोकरी सोडण्यापर्यंत हे शब्द ज्या क्रमाने समोर येतात, त्याच क्रमाने ते घेतले आहेत.

पहिली पायरी: जाहिरात आणि अर्ज

‘फ्रेशर’ म्हणजे त्या कामाचा अनुभव नसलेला उमेदवार. महाविद्यालयात असताना केलेली इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी पूर्ण अनुभव म्हणून धरली जात नाही, तरीही ती अर्जात अवश्य लिहावी. ‘वॉक-इन’ म्हणजे आधी वेळ न ठरवता दिलेल्या दिवशी थेट मुलाखतीला जाणे. अशा वेळी प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रतींचे दोन संच सोबत ठेवावेत. ‘कन्सल्टन्सी’ म्हणजे कंपनी आणि उमेदवार यांच्यामध्ये असलेली भरती संस्था. ती आपला मोबदला सामान्यतः कंपनीकडून घेते, म्हणून नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, गणवेशाची अनामत किंवा लॅपटॉपची अनामत अशा कोणत्याही नावाने तुमच्याकडे पैसे मागितले गेले तर तेथेच थांबावे. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही, आणि या नियमाला अपवाद असल्याचे जो पटवून देऊ लागेल त्याच्यापासून विशेष सावध राहावे.

अर्जासोबतच्या कागदाला आपल्याकडे सरसकट ‘बायोडाटा’ म्हणतात. तोच शब्द लग्नाच्या स्थळासाठीही वापरला जात असल्यामुळे जात, धर्म, उंची, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या असा मजकूर नोकरीच्या कागदातही येतो. कंपनीला त्याचा काही उपयोग नसतो. नाव, संपर्क, शिक्षण, येणारी कामे, चालवता येणारी यंत्रे किंवा संगणक प्रणाली आणि प्रत्यक्ष केलेला एखादा प्रकल्प एवढे एका पानात मावले तर पुरेसे आहे. आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील या टप्प्यावर कोणालाही देऊ नये.

दुसरी पायरी: मिळणाऱ्या पैशाचे नाव

मराठीत कामाच्या पैशाला अनेक नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे वेगळे नाते आहे. ‘वेतन’ किंवा ‘पगार’ कर्मचाऱ्याला मिळतो. ‘रोजंदारी’ दिवसाच्या हिशेबाने मिळते, पण रोजंदारीवरचा माणूसही कामगारच असतो आणि त्याला किमान वेतनाचा हक्क असतो. हे किमान वेतन राज्य सरकार उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीनुसार ठरवते. महागाईशी जोडलेला विशेष भत्ता त्यात मिळवला जातो आणि तो वर्षातून दोनदा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा दर यंदा सांगितला जात असेल तर तो तपासून पाहावा.

‘विद्यावेतन’ मात्र पगार नव्हे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात आयटीआय झालेला मुलगा ‘अप्रेंटिस’ म्हणून लागतो तेव्हा तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली येतो. या कायद्याच्या दृष्टीने तो शिकणारा असतो, कामगार नसतो. त्याला विद्यावेतन मिळते, पण भविष्य निर्वाह निधी (पगारातून कापून साठवला जाणारा पीएफ) लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर त्याला कायम करण्याचे बंधन कंपनीवर नसते. तरीही ही वाट कमी दर्जाची आहे असे मला मुळीच वाटत नाही, कारण शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो, शेवटी परीक्षा होते आणि मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत तर केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करते. प्रश्न येतो तो करार नोंदवलेला नसताना. पत्रात नुसते ‘ट्रेनी’ लिहिलेले असेल, पोर्टलवर नोंद नसेल आणि काम मात्र कायम कामगाराइतकेच असेल, तर मी कायद्याने शिकाऊ उमेदवार आहे की कर्मचारी, हा प्रश्न लेखी विचारावा. शिकाऊ उमेदवार नसाल तर भविष्य निर्वाह निधीसह कर्मचाऱ्याचे हक्क तुम्हाला मागता येतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असे जे मासिक पैसे ठरवले गेले, तेही विद्यावेतनच होते. योजनेच्या नावातच ‘प्रशिक्षण’ असताना अनेक घरांत तिला सरकारी नोकरी समजले गेले आणि मुदत संपल्यावर निराशा पदरी आली.

‘मानधन’ हा तिसरा शब्द. अंगणवाडी सेविकांना आणि आशा कार्यकर्त्यांना मानधन मिळते. पण कागदावर कोणते नाव घातले एवढ्यावर कायद्याचा निर्णय अवलंबून नसतो. अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेला, पात्र आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, मिळणाऱ्या पैशाला मानधन म्हटले जात असूनही. म्हणून शब्द नीट वाचावा आणि प्रत्यक्ष कामाचे स्वरूप काय आहे याचीही टिपणे स्वतःजवळ ठेवावीत.

तिसरी पायरी: आपला मालक नेमका कोण

पगाराच्या आधी विचारायला हवा तो हा प्रश्न, पण तो विचारणारे फार थोडे असतात. कारखान्याच्या फाटकावर एका मोठ्या कंपनीचे नाव असते, गणवेशावरही तेच असते, परंतु नेमणूकपत्र मात्र वेगळ्याच मनुष्यबळ पुरवठादाराचे असते. ज्याच्या नावाने नेमणूकपत्र निघते आणि जो पगार देतो तो तुमचा मालक. थेट कंपनीच्या हजेरीपटावर असणे म्हणजे ‘ऑन रोल’, आणि ठेकेदारामार्फत असणे म्हणजे ‘ऑफ रोल’ किंवा ‘थर्ड पार्टी पेरोल’. साध्या मराठीत याला ‘कंत्राटी’ म्हणतात.

कंत्राटी काम बेकायदा नसते, आणि नाइलाजाने ते स्वीकारावे लागले तर कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र त्यातील साखळी माहीत असावी. ज्याच्या आवारात काम चालते त्याला कायद्याच्या भाषेत ‘मुख्य नियोक्ता’ म्हणतात. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घातलेले हे तत्त्व आजही महत्त्वाचे आहे. म्हणून ठेकेदाराचे पूर्ण नाव, पत्ता आणि भविष्य निर्वाह निधीचा त्याचा नोंदणी क्रमांक पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावा. ठेकेदार बदलला की माणूस तोच आणि यंत्रही तेच राहते, पण सेवा नव्याने सुरू झाल्याचे दाखवले जाते. जुन्या ठेकेदाराची कागदपत्रे जपली नसतील तर आधीची वर्षे सिद्ध करता येत नाहीत.

‘मुदतबंद नेमणूक’ ही याहून वेगळी. येथे कंपनी थेट नेमते, पण ठरावीक काळापुरती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, लागू झाल्या (वेतन संहिता ही त्यांपैकीच एक), त्यांत मुदतबंद कर्मचाऱ्याला कायम कर्मचाऱ्यासारखेच लाभ आणि एका वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे. ‘बदली’ हा शब्द मुंबईच्या गिरण्यांमुळे जुन्या पिढीच्या ओठावर असे. कायम कामगार रजेवर असेल त्या दिवसापुरते ज्याला काम मिळे तो बदली कामगार. काही कारखान्यांत हा शब्द अजूनही आढळतो, आणि तेथे त्याचा अर्थ बदलीच्या गावी जाणे असा नसतो.

चौथी पायरी: पगाराची मांडणी

निवड झाल्यावर आधी ‘ऑफर लेटर’ येते. त्यात पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख असते, आणि तुम्ही स्वीकृती कळवावी अशी अपेक्षा असते. ‘नेमणूकपत्र’ सामान्यतः रुजू होताना मिळते व त्यात सर्व अटी असतात. नवीन संहितांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, त्यामुळे “आमच्याकडे पत्र देण्याची पद्धत नाही” हे उत्तर ऐकून गप्प बसू नये.

आता ३,६०,००० चा हिशेब पाहू. हा आकडा ‘सीटीसी’ असतो, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. महिन्याचे ३०,००० झाले. समजा त्यात मूळ वेतन १५,०००, घरभाडे भत्ता ६,००० आणि विशेष भत्ता ४,००० आहे. या २५,००० रुपयांना ‘ग्रॉस’ किंवा ढोबळ पगार म्हणतात. उरलेल्या ५,००० मध्ये भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ७२२, गट आरोग्य विम्याचा हप्ता ४७८ आणि वर्षअखेर कामगिरी पाहून मिळणारी रक्कम २,००० असे घटक आहेत. हे पाच हजार दरमहा हातात येत नाहीत. त्यांतील शेवटचे दोन हजार तर येतीलच अशी खात्रीही नसते, कारण ते ‘व्हेरिएबल’ म्हणजे बदलते वेतन आहे. ते कोणत्या निकषावर मिळते आणि मागील वर्षी या पदावरच्यांना सरासरी किती मिळाले, हे मनुष्यबळ विभागाला विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

ढोबळ २५,००० मधून तुमचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन २३,००० उरतात. यालाच ‘नेट’ किंवा ‘इन हँड’ म्हणतात. व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक पगार असलेल्या पुरुषाला तो २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असा वर्षाला २,५०० रुपये पडतो. महिलांना मात्र दरमहा २५,००० रुपयांपर्यंत तो माफ आहे. त्यामुळे याच पदावर आलेल्या मुलीच्या हातात २३,२०० रुपये येतील, आणि तिच्या पगारातून हा कर कापला जात असेल तर तिने तो निदर्शनास आणावा. जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधीची किरकोळ कपातही दिसते. एवढ्या पगारावर आयकराची चिंता करण्याचे कारण नाही, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या कर प्रणालीत नोकरदाराचे १२.७५ लाखांपर्यंतचे पगाराचे उत्पन्न करमुक्त राहते.

या मांडणीत सर्वांत जास्त लक्ष मूळ वेतनाकडे द्यावे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब प्रामुख्याने मूळ वेतन व महागाई भत्त्यावर होतो. पूर्वी अनेक ठिकाणी मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवले जात. त्यामुळे हातात थोडे जास्त आले तरी साठणारी रक्कम रोडावत असे. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर जास्तीची रक्कम वेतनातच धरली जाते. दोन ठिकाणांहून बोलावणे आले असेल तर केवळ सीटीसीची तुलना करू नये. मूळ वेतन, हमखास मिळणारे ढोबळ वेतन आणि हातात येणारी रक्कम हे तीन आकडे दोन्ही पत्रांतून काढून शेजारी शेजारी लिहावेत.

पाचवी पायरी: कपातीतून काय साठते

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. तुमचे १२ टक्के आणि कंपनीचे १२ टक्के असा तो असतो, पण कंपनीचे सर्व पैसे निधीत जात नाहीत. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,२५० रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जातात. आपल्या उदाहरणात कंपनीच्या १,८०० पैकी ५५० रुपये निधीत येतात, आणि तुमचे १,८०० मिळून दरमहा २,३५० रुपये साठतात. २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज ठरले होते.

प्रत्येक सदस्याला १२ अंकी ‘यूएएन’, म्हणजे पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक, मिळतो. नोकऱ्या कितीही बदलल्या तरी हा क्रमांक एकच राहिला पाहिजे. दुसऱ्या नोकरीत तो न सांगितल्यामुळे नवा क्रमांक काढला जातो आणि मग दोन खाती जोडण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत नावाचे स्पेलिंग व जन्मतारीख एकसारखी आहे का, हे पहिल्या नोकरीआधीच तपासून घ्यावे. पैसे काढताना सर्वाधिक अडचणी याच फरकामुळे येतात. पगारातून कपात झाली म्हणजे पैसे जमा झाले असे गृहीत धरू नये. ‘उमंग’ ॲपवर पासबुक दिसते, ते दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे. नोकरी बदलताना ही रक्कम काढून नवा मोबाइल घेण्याचा मोह अनेकांना होतो. माझा आग्रह असा आहे की ती काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावी. निवृत्तिवेतनासाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते, आणि दोन-दोन वर्षांनी पैसे काढणाऱ्याची ही दहा वर्षे कधी भरतच नाहीत.

‘ईएसआय’ म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी ती योजना आहे. कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के व मालकाचे ३.२५ टक्के भरले जातात, आणि त्या बदल्यात स्वतःला व अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना उपचार मिळतात. आजारपणात ठरावीक अटींवर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ताही मिळतो. शंभर-दीडशे रुपयांची ही कपात नको म्हणणाऱ्या मुलांना मी नेहमी आई-वडिलांच्या दवाखान्याच्या खर्चाची आठवण करून देतो.

ग्रॅच्युइटी ही दीर्घ सेवेबद्दल मिळणारी रक्कम. कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षे सेवेनंतर ती मिळते. शेवटच्या मूळ वेतनाला २६ ने भागून, १५ ने आणि पूर्ण वर्षांच्या संख्येने गुणले की ती निघते. १५,००० मूळ वेतनावर पाच वर्षांचे सुमारे ४३,२७० रुपये होतात.

सहावी पायरी: सहीपूर्वी वाचायच्या अटी

‘प्रोबेशन’ किंवा परिविक्षा काळात दोन्ही बाजू एकमेकांना पारखतात. हा काळ किती, तो वाढवता येतो का आणि संपल्यावर ‘कन्फर्मेशन’ची म्हणजे कायम केल्याची चिठ्ठी मिळते का, हे पाहावे. केवळ सहा महिने उलटले म्हणून आपण कायम झालो असे समजू नये.

‘नोटीस पीरियड’ म्हणजे सोडण्यापूर्वी आगाऊ सूचना देण्याचा काळ. तो ३० दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत आढळतो. पुढची कंपनी बहुधा इतके दिवस थांबत नाही, म्हणून त्याऐवजी पगाराइतकी रक्कम भरून लवकर सुटण्याची मुभा आहे का, आणि ही मुभा दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे विचारावे.

‘बाँड’बद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. बाँड मोडला तर तुरुंगात जावे लागेल असे काहींना वाटते, आणि बाँडला काडीची किंमत नसते असे इतरांना वाटते. दोन्ही चूक आहेत. हा दिवाणी करार आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. दुसरीकडे, नोकरी संपल्यानंतर त्याच क्षेत्रात इतरत्र काम करू नये अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे साधारणपणे टिकत नाही. रक्कम किती, मुदत किती आणि कंपनी खरोखर कोणते प्रशिक्षण देणार, हे वाचूनच सही करावी. मूळ गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा सही केलेला कोरा धनादेश मात्र कोणत्याही परिस्थितीत तारण म्हणून देऊ नये. मूळ कागद पडताळणीसाठी दाखवावेत आणि त्याच बैठकीत परत घ्यावेत.

रजांचे शब्द सोपे आहेत. किरकोळ रजा ऐन वेळच्या कामासाठी, आजारी रजा आजारपणासाठी आणि अर्जित रजा काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात साठणारी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालील कर्मचाऱ्याला वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. ठरलेल्या तासांपलीकडील कामाला ‘ओव्हरटाइम’ म्हणतात आणि त्याचा कायदेशीर दर दुप्पट असतो.

सातवी पायरी: रुजू झाल्यावर आणि सोडताना

दरमहा ‘पे-स्लिप’ म्हणजे पगारपत्रक मागून घ्यावे आणि त्याची प्रत स्वतःच्या ई-मेलवर ठेवावी, कारण कंपनीचा ई-मेल शेवटच्या दिवशी बंद होतो. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळायला हवा.

राजीनामा तोंडी देऊ नये. तारीख असलेला ई-मेल पाठवावा आणि तो स्वीकारल्याचे उत्तर घ्यावे. न सांगता कामावर जाणे बंद केले तर ‘अब्स्कॉन्डिंग’, म्हणजे परागंदा, असा शेरा पडतो आणि पुढील कंपनीच्या पडताळणीत तो समोर येतो. थोड्या दिवसांची नोकरी लपवण्याचाही उपयोग होत नाही, कारण यूएएनच्या नोंदीत ती दिसते. शेवटच्या हिशेबाला ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. त्यात उरलेला पगार, शिल्लक अर्जित रजेचे पैसे आणि कपाती येतात. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. ‘रिलीव्हिंग लेटर’ तुम्हाला कार्यमुक्त केल्याचे सांगते आणि ‘अनुभव प्रमाणपत्र’ तुम्ही कोणत्या पदावर किती काळ होता हे सांगते. हे दोन्ही कागद वेगळे आहेत आणि दोन्ही घ्यावेत.

यानंतर एक काम उरते आणि ते बहुतेकांकडून राहते. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली आहे का, ते पोर्टलवर पाहावे. कंपनीने किंवा ठेकेदाराने ती भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या आधारे, ती तारीख नोंदवता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो, म्हणून जुने सिमकार्ड बंद करण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे.